नऊ शनिवार

डच सुपरमार्केटच्या दारात एकच ट्रॉली उरली होती, आणि तिच्या दांडीवर दोन हात एकदमच पडले. कोरोनाचे दिवस, ट्रॉलीशिवाय आत सोडत नव्हते.

"अगं बाई!" तेजलच्या तोंडून निघालं.

"घ्या, तुम्हीच घ्या," मास्कमागून मराठीत उत्तर आलं. त्याचा चष्मा वाफेनं पांढरा झाला होता. "तसंही मला आत काही दिसणार नाहीये."

तो अनुप. लायडस्खेनडाम गावात राहणारा, घरूनच कोडिंग करणारा. तेजल जवळच्याच रायस्वाइकला, कालव्याकाठी. जंतूंवर संशोधन करणारी. पंधरा दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि रविवारच्या ऑनलाइन मराठी वर्गात दोघं मिळून मुलांना शिकवू लागली.

मार्चमध्ये तिनं विषय काढला... इंटरनेटवर आपली माहिती कशी जपायची.

"नुसतं सांगून मुलांना पटत नाही, अनुप. खरं उदाहरण हवं."

"माझं सायकलिंगचं ॲप दाखव, सगळ्या वाटा नोंदवतं ते. सगळ्यांना खुलंच आहे."

"मी खोलात शिरते हं..."

"शीर की! तेवढ्यासाठीच तर..." तो हसला आणि वाक्य अर्ध्यावरच सोडून दिलं.

तेजलनं ते खातं आधी उघडलं नाही. उत्तर ठाऊक असलं तर प्रयोग कसला? वर्गात, बारा मुलं आणि त्यांच्यामागे डोकावणारे आईवडील यांच्यासमोर, तिनं नकाशा पहिल्यांदा पाहिला.

"सांगा, अनुपदादाबद्दल काय काय कळतं?"

"घर कळतं. Every line तिथूनच निघते," अकरा वर्षांची संहिता म्हणाली. "आणि शनिवारी तो इथे थांबतो. Twenty-two minutes. ताई... ते तुझ्या खिडकीतलं तेच ब्रिज आहे ना?"

तेजलच्या पाठीमागे, खिडकीत, लाल पूल दिसत होता.

कुणाची तरी आई खुदकन हसली. स्क्रीन बंद करायला एक बटण पुरेसं होतं. पण मोजायला घेतलं की मधे सोडायचं नाही, ही तिची सवय. आणि कानशिलं तापल्यावर माणूस सवयीचाच आधार घेतो.

"नऊ शनिवार," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "अकरा ते अकरा बावीस. म्हणजे परक्या माणसालाही पाळत ठेवता येईल. अशी माहिती ताबडतोब बंद करायची."

"बरोबर आहे मॅडमचं," अनुप म्हणाला, आणि त्याचा चौकोन काळा झाला.

संध्याकाळी तिनं फोन केला.

"बेल का नाही वाजवलीस?"

"कोरोनामुळे घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो ना? वाटलं, तुझा कुणी असेल."

"कुणी नव्हतं, अनुप."

"हे आज कळतंय. लांब, बेस्ट गावात नोकरी मिळतेय, तिकडेच राहायला जावं लागेल. तुझ्यासाठी नाही म्हणणार होतो... सकाळी वर्ग झाल्यावर हो कळवून टाकलं. सगळ्यांदेखत मी नुसता नमुना झालो गं. तू नऊ मोजलेस. दहाव्याला ये, एवढं म्हणाली असतीस तरी—"

तिनं "सॉरी" म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

दहाव्या शनिवारी ती चहाचे दोन कप घेऊन, तो थांबायचा त्या पुलाजवळच्या बाकावर जाऊन बसली. कालव्यात बदकं होती, वारा बोचरा होता. अनुपचं खातं उघडलं, तर तिथे एक छोटं कुलूप. तिनं शिकवलेलं एकट्या त्यानंच इतकं मनावर घेतलं होतं.

तिनं तेच ॲप उतरवून घेतलं. नाव लिहिलं, खरं. वाट नोंदवली... दारापासून बाकापर्यंत साठ मीटर, थांबा बावीस मिनिटं. दुसरा कप थंडगार झाला होता.

'कोणाला दिसावं?' ॲपनं विचारलं.

मुलांना तिनं याचं एकच उत्तर पाठ करायला लावलं होतं. तिनं ते सोडून दुसरं निवडलं.

सर्वांना.