हवं तेवढंच ऐका

ज्यांना ही गोष्ट थाप वाटेल, त्यांनी खुशाल थाप समजावी. माझी मावशी आजही त्याच घरात राहते आणि मी महिन्यातून एकदा तरी तिच्याकडे जातो. तिच्या हॉलमध्ये आता एकटा बसत नाही, एवढंच.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खाली रहदारीचा रस्ता, आणि भर दुपारचे तीन वाजलेले.

आधी काकांचं सांगायला हवं. काका म्हणजे मावशीचे यजमान. लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर होते. माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणतात. त्या सगळ्यांना त्यांच्याबरोबर राहायचं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर काका दिवसभर टीव्हीसमोर, आणि टीव्हीवर उठता बसता एका स्पीकरची जाहिरात. एक गृहस्थ डोळे मिटून खुर्चीत बसलाय. बायकापोरं आजूबाजूला वावरतायत, तोंडं हलवतायत, पण त्याला फक्त गाणं ऐकू येतंय. खाली मोठ्या अक्षरांत... 'हवं तेवढंच ऐका.'

काका भाळले.

मावशी घरी शिवणकाम करायची. तिच्या जुन्या मशीनचा पट्टा सारखा निसटायचा, पण नवं मशीन घ्यायचं म्हटलं की काकांचा हात आखडायचा. स्पीकर मात्र आले. छातीएवढे उंच, काळेकुट्ट, दोन. त्यांच्यासाठी मावशीचं मशीन खिडकीजवळून उचलून अंधाऱ्या भिंतीला लागलं.

बसवणारा माणूस जाताना सांगून गेला, "पहिल्यांदा चालू कराल ना, तेव्हा तो खोलीचा अंदाज घेतो. खोलीत कुणी नको. आवाज नको."

काकांनी नेमकं उलटं केलं.

"तू मशीन चालव," ते मावशीला म्हणाले. "आणि बोलत राहा. त्याला कळू दे ना, काय काढून टाकायचंय ते."

मावशी बिचारी पाय हलवत राहिली आणि बोलत राहिली. गळका नळ, लेकीचा फोन, दुखरा गुडघा. स्पीकरमधून बारीक आवाज येत होता... टुक... टुक... जणू कुणी टिपून घेतंय. काका खुर्चीत बसून हसत होते.

त्या दिवसापासून मावशी काही बोलली की काका ढिम्म. हो नाही, नाही नाही.

"तुझं मला ऐकूच येत नाही," नंतर सांगायचे. "एवढे पैसे काय उगाच मोजले?"

आल्यागेल्याला ते गाणं लावून दाखवायचे आणि म्हणायचे, पैसा वसूल. शेजारचे मास्तर एकदा स्पष्ट बोलले की आमच्या रेडिओत आणि यात मला काडीचा फरक कळत नाही. मास्तरांना पुन्हा बोलावणं गेलं नाही.

मग एका दुपारी काका त्या खुर्चीतच गेले.

गाणं चालू होतं. मावशी मशीनवर बसून त्यांना विचारत होती, "अहो, चहा ठेवू का?" उत्तर आलं नाही. उत्तर न येणं त्या घरात नवीन नव्हतं. उशीच्या अभ्र्यांचा गठ्ठा संपवून ती उठली, तेव्हा काकांचा हात गार पडला होता.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर...

मावशीनं मनाची समजूत घातली. त्यांना ऐकूच आलं नसेल. आलं असतं तर निदान हात हलवला असता, मला कळलं असतं, मी धावले असते. दोष त्या स्पीकरचा, ना त्यांचा ना माझा. या एका समजुतीवर ती उभी होती.

काही आठवड्यांनी ती पुन्हा मशीनवर बसली.

पाय हलला. चाक फिरलं. सुई खालीवर झाली...

आवाज नाही.

तिनं पट्टा तपासला. पट्टा जागेवर होता. कापडावर टाके सरळ पडत होते. खालच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता, नळ ठिबकताना ऐकू येत होता.

"अगं बाई," ती म्हणाली.

म्हणजे... ओठ हलले फक्त.

ती धडपडत गॅलरीत गेली आणि लेकीला फोन लावला. तिथे आवाज खणखणीत निघाला. जीव भांड्यात पडला तिचा. बोलता बोलता तिनं हॉलमध्ये एक पाऊल टाकलं...

"आई? हॅलो? आई, कुठे गेलीस?"

तिनं पाऊल मागे घेतलं.

"हां, आता येतोय आवाज," लेक म्हणाली.

मावशीनं हॉलमध्ये जाऊन स्पीकरची पिनच उपसली. लाल दिवा विझला. ती परत मशीनवर बसली...

तरीही आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जुन्या सामानवाल्याला बोलावलं. त्याला दाराबाहेरच गाठून म्हणाली, "घेऊन जा बाबा हे. आजूबाजूचा आवाज खाऊन टाकतात. आमच्या यांना माझं बोलणं ऐकूच यायचं नाही."

तो हसला. "काकू, तसली सोय नसते हो यांच्यात. मी कितीतरी खोललेत. गाणं वाजवतात, बस्स. जाहिरातीत काय, काहीही दाखवतात."

तो आत जाऊन वायरी सोडवू लागला. मावशी त्याच्या पाठीमागे उभी राहून विचारत होती, मग त्यांना माझं सगळं ऐकू यायचं का? एकदा विचारलं. पुन्हा विचारलं.

त्यानं वळूनही पाहिलं नाही. उठताना तिच्याकडे लक्ष गेलं, तेव्हा चपापला.

"काही म्हणालात का?"

पडेल भावात स्पीकर गेले. फरशीवर दोन चौकोनी डाग उरले. मावशीनं दार लावलं, मशीन चालवून पाहिलं... नाही. आवाज आला नाही.

तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. ती काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि बोलत सुटली. लग्नापासूनचं सगळं. घसा फाटेस्तोवर ओरडत होती, आणि घरात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. कुणाला कळणार नव्हतं म्हणून काहीच मागे ठेवलं नाही. शेवटी ओंजळीत तोंड धरून म्हणाली, "त्या दिवशी चारदा विचारलं तुम्हाला, चहा ठेवू का म्हणून. चारदा..."

खुर्चीतून आवाज आला.

शांत. नेहमीसारखा, चूक काढणारा.

"तीनदा."

हे तिनं मला गॅलरीत बसून सांगितलं. मशीन आता तिथेच असतं. घर सोड म्हटलं तर मान हलवते, आणि खुर्चीला हात लावू देत नाही. का, ते सांगत नाही.

"तीनदाच विचारलं होतं रे," ती म्हणाली. "मी नंतर आठवून पाहिलं. म्हणजे तिसऱ्यांदा विचारलं, तोवर जिवंत होते ते. ऐकत होते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत.