पाहणीपुरते यंत्र

प्रशिक्षणाहून परतलेल्या गंगम्मा सिस्टरांनी सकाळी आपल्या आरोग्यकेंद्रातील प्रसूतिकक्षाचे दार उघडले आणि त्या जागीच थबकल्या. नवजात बालकांना ऊब देणारे यंत्र नाहीसे झाले होते.

त्याच दुपारी तेथे एक बालक अवेळी जन्मले. गोधडीत गुंडाळून त्याला परभणीस नेण्यात आले. वाटेतच ते गार पडले.

ठपका आला चौकीदार मुंजाजीवर, कारण किल्ली त्याच्याकडे असे. तालुका आरोग्य अधिकारी भगवानराव यांनी त्याला निलंबित केले आणि पोलिसांत तक्रार दिली. अटक आज होते की उद्या, एवढाच प्रश्न उरला होता. अशा वेळी विभागीय चौकशीसाठी कल्याणराव आले. राज्यशासनाची सेवा त्यांनी आयुष्यभर व्रतासारखी आचरली होती, आणि आता त्या व्रताचे उद्यापन जवळ आले होते.

कक्षात लसींचा फ्रीज जागेवर होता, इन्व्हर्टरही होता. फ्रीजवर आणि वजनकाट्यावर भस्माचे तीन-तीन पट्टे ओढलेले होते.

"हे कोणी लावले, सिस्टर?"

"मीच, साहेब. दर सोमवारी लावते. ज्याच्या जिवावर लेकरं जगतात, त्याला भस्म लावायचं न्हाई तर कुणाला?"

"त्या यंत्रालाही?"

"त्याला तर सगळ्यात आधी. पण मागच्या अंगाला. बाळावर राख पडू नये म्हणून."

कल्याणराव दाराशी वाकले. बिजागरीच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते.

"हे दार कधी काढले होते?"

"यंत्र आलं तवाच, लई दिस झाले. चौकटीतून जाईना, म्हणून चौघांनी मिळून दार उतरवलं."

मुंजाजी बाहेर लिंबाखाली उभा होता.

"सिस्टर परतल्या, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"परभणीला, साहेब. भगवानराव साहेबांचा फोन आला, टपाल देऊन पोच घेऊन ये म्हणून. तिथं दिवसभर बसवून ठेवलं."

"आणि किल्ली?"

"चौकटीवर ठेवलेली. सगळ्या हापिसाला ठावं हाय."

"हे पोलिसांना का सांगितले नाही?"

"सांगितलं की. त्यांनी लिवून घेतलं न्हाई." तो कडवट हसला. "आन् चोरच असतो तर आधी बॅटरी नेली असती. तिला भंगारवाला तरी घेतो. ते यंत्र कुणाला इकू?"

कल्याणराव विचारात पडले. ज्या वस्तूला बाजारात गिऱ्हाईक नाही, ती भरदिवसा चार माणसे दार उतरवून नेतात. तिचे मोल कोठे असेल? ती जेथे दाखवावी लागते, तेथेच. मुंजाजी परभणीला होता, त्याच दिवशी विधिमंडळाची समिती तालुक्यातील एका नव्या आरोग्यकेंद्राची पाहणी करून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पूर्वसूचना न देता ते त्या केंद्रात गेले. यंत्रावर झेंडूचा सुकलेला हार होता, पुढे हळदकुंकू होते. कल्याणरावांनी मागे जाऊन पाहिले, मग केंद्राची साठा-नोंदवही आणि खर्चाची देयके चाळली.

सायंकाळी भगवानरावांच्या कार्यालयात त्यांनी मुंजाजीला आणि सिस्टरांना बोलावून घेतले.

"चोरी झालीच नाही," ते म्हणाले. "नव्या केंद्राच्या यंत्रासाठी निधी आला तो मार्चच्या अखेरच्या दिवशी. खर्च झाला नाही तर तो परत जातो. म्हणून यंत्र पोहोचल्याची नोंद करून आपण रक्कम काढलीत. यंत्र कधी आलेच नाही. मात्र समिती आली. मग आपण मुंजाजीला दूर धाडलेत, दार उतरवलेत आणि सिस्टरांच्या केंद्रातले यंत्र तिथे नेऊन उभे केलेत. समितीने समोरून कुंकू पाहिले. मागचे भस्म पुसायचे राहून गेले."

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला.

भगवानरावांनी समोरची फाईल मिटली. "मी एक रुपया घरी नेला नाही. पैसे पुरवठादाराला दिले, त्यानं बुडवलं. दुसऱ्या दिवशी यंत्र परत ठेवणार होतो."

"पण दुसऱ्या दिवशी ते बालक गेले. परत ठेवले असते, तर ते कोठे होते हे सांगावे लागले असते. त्यापेक्षा मुंजाजी चोर ठरणे सोयीचे होते."

"वर्षभर मागत राहायचं, कल्याणराव, आणि मिळतं कधी, तर कोषागार बंद व्हायच्या वेळी. तुम्ही काय केलं असतं?"

"निधी परत जाऊ दिला असता."

"सोपं आहे. तुमच्याकडं बाळंतिणी येत नाहीत."

"मुंजाजीच्या घरीही लेकरे आहेत," कल्याणराव म्हणाले आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

मुंजाजीचे निलंबन मागे घेण्याची शिफारस त्यांनी तिथेच लिहिली. ती ऐकून मुंजाजीने हात जोडले, पण तो हलला नाही.

"साहेब, यंत्र आमच्याकडं कवा यायचं?"

"इतक्यात नाही. ते आता मुद्देमाल आहे. पंचनामा होईल, मोहोर लागेल. निकाल लागेपर्यंत ते पोलिसांच्या ताब्यात राहील."

"आन् निकाल?"

कल्याणरावांनी शिफारशीचा कागद पाकिटात घातला.

"या आठवड्यात दोघी हायेत माझ्याकडं," गंगम्मा म्हणाल्या. "एकीला सातवाच चालू हाय."

त्या उठल्या आणि गोधड्या वाळत घालायच्या आहेत म्हणून निघून गेल्या.