खालची दांडी

ठेवा तो स्क्रूड्रायव्हर खाली, जावईबापू. नडगीला लागली ना? लागणारच. दाराशेजारची वरची दांडी चढता-उतरताना धरायला आहे, ती तुम्हाला पटली. पण पायरीच्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर ही दुसरी कशाला, काकांचं वय झालं वाटतं, असं मघाशी तुम्ही या माझ्या पुतणीच्या कानात म्हणालात. वय झालंय, खरंय. कान मात्र अजून शाबूत आहेत.

ही खालची मी हल्ली प्रत्येक गाडीला बसवतो. काढायची तर काढा. गाडी तुमची, नडगीही तुमची. पहाटे तुमच्या आईंना घेऊन निघणार आहात, तेव्हा काय ते आजच ठरवा. पण आधी दोघं बसा इथे. पोरी, तो दिवा मालव, डोळ्यावर येतो. दार... राहू दे उघडं.

मी हे कुणाला सांगत नाही. सांगितलं की माझंच तोंड काळं होतं.

माझा एक मित्र होता. उभा जन्म जमिनी मोजण्याच्या नोकरीत गेलेला. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करायचा, मग पाणी मागायचा. आम्ही त्याला लेव्हलसाहेब म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी मोटरहोम घेतली आणि माझ्या वर्कशॉपमध्ये आणून उभी केली. मी गाड्यांच्या पोटात घरं बसवणारा माणूस. मला काय, सुखाचं गिऱ्हाईक.

तुम्हाला कळेल, तुम्हालाही तो रोग लागायचाच आहे. एकदा गाडी घेतली की माणूस थांबत नाही. आधी टपावर सोलर बसवलं. मग छतात पंखा. मग ड्रायव्हरची सीट मागे वळून खुर्ची झाली पाहिजे म्हणाला, तीही केली. बाहेर गुंडाळीचं छप्पर आलं. आणि त्याची लाडकी वस्तू म्हणजे बिछान्याच्या उशाला ठोकलेली लेव्हल. गवंड्याकडे असते तशीच, काचेची नळी, हिरवं पाणी, आत एक बुडबुडा. कुठेही मुक्काम केला की हा चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवत बसायचा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला की मगच पाठ टेकायची.

वहिनी अंगाने भरलेल्या, त्यात गुडघ्याने त्रासलेल्या. त्यांनी पायरीवर पाय ठेवला की गाडी त्या बाजूला दबायची आणि बुडबुडा दुसरीकडे सरकायचा. हा हसायचा. "बघ, तुला घाबरून माझ्याकडे पळून आला." वहिनीही हसायच्या. आता हसू येत नाही, पण तेव्हा मीसुद्धा हसलो होतो.

या सगळ्या यादीत वहिनींची एकच वस्तू होती. "भाऊजी, दाराशी धरायला काहीतरी लावा हो. दरवेळी यांना हात मागावा लागतो." एवढंच.

मी दांडी आणली. वहिनींना पायरीवर उभं केलं, म्हटलं, हात सहज जाईल तिथे टेकवा. त्यांनी तळवा टेकवला. मी पेन्सिलीने तळव्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन फुल्या मारल्या. माझी फुलीची एक खोड आहे, मधोमध टिंब देतो, म्हणजे ड्रिल घसरत नाही. फुल्या झाल्या आणि बघतो तर स्टीलचे स्क्रू संपलेले. साधे लावले असते तर गंजले असते. म्हटलं, "वहिनी, पुढच्या फेरीला."

पुढच्या फेरीला खुर्ची होती. त्याच्या पुढच्या फेरीला छप्पर. गाडी धुवून धुवून फुल्या पुसल्या गेल्या. दांडी माझ्या खणात, कागदात गुंडाळलेली. दांडीच्या कामाला मी दांडी मारली, पोरी. आणि ते स्क्रू... ते चौथ्या दिवशीच आले होते. हे मी आज पहिल्यांदा तोंडाने बोलतोय.

शेवटची फेरी भिंतींसाठी होती. हायवेच्या ट्रकांनी त्याला झोप लागेना. मी चारही बाजूंनी जाड फोम भरला, दाराला रबर लावलं. छाती फुगवून म्हणालो, "साहेब, आता बाहेर तोफ उडाली तरी आत कळायचं नाही." वहिनी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आणि माझी दांडी?" मी म्हटलं, "पुढच्या फेरीला नक्की."

त्यानंतर आठच दिवसांनी ते तळ्याकाठी मुक्कामाला होते. रात्री वारा सुटला. बाहेरचं छप्पर गुंडाळायचं राहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, ते फाटेल." हा बिछान्यात पडलेला. म्हणाला, "आत्ता कुठे बुडबुडा मध्ये आलाय. मी उठलो तर परत सगळं करावं लागेल. तू जा ना."

त्या गेल्या.

याने पडल्या पडल्या पाहिलं. त्या उतरल्या तसा बुडबुडा बाजूला सरकला. आता ती आली की येईल मध्ये, म्हणून हा त्याच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याचा डोळा लागला.

सकाळी वहिनी पायरीखाली सापडल्या. पाय घसरून डोकं ठोकळ्यावर आपटलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन तास तरी जीव होता. हा त्यांच्यापासून पाच पावलांवर झोपलेला. मध्ये माझा फोम.

त्यानंतर लेव्हलसाहेब माझ्याकडे आला नाही. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो? वर्ष गेलं. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "गाडी विकतोय. घेणाऱ्याची आई म्हातारी आहे, दाराशी दांडी हवीय म्हणतो. तुझ्याकडे ती आहे ना अजून?"

आहे म्हटलं. जिने मागितली तिला दिली नाही, आणि आता कुणा परक्याच्या आईसाठी...

"उद्या सकाळी पोचतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

ती फेब्रुवारीची एकवीस तारीख, शुक्रवार. निघायला उशीर झाला, रात्री डोळ्यांवर झापड येऊ लागली, म्हणून त्याने एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या मागे गाडी लावली. सपाट सिमेंटची जागा होती. तरी सवयीने ठोकळे सरकवले. एकट्याच्या वजनाने बुडबुडा मध्ये यायचा नाही, म्हणून तो वर्षभर काय करत होता माहीत आहे? वहिनींच्या बाजूला पाण्याचे भरलेले तीन कॅन आडवे ठेवायचा. साठ लिटर. वर त्यांचीच चादर पांघरायचा.

बुडबुडा मध्ये आला. दार लावलं. तो आडवा झाला. पुढचं त्याने मला सांगितलं तसंच सांगतो.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी जाग आली. का आली, माहीत नाही. आवाज कसलाच नव्हता. माझ्या फोममुळे तो नसतोच. उशाच्या घड्याळाचा हिरवा उजेड लेव्हलवर पडला होता.

बुडबुडा हलत होता.

फार नाही, राईएवढा. हलायचा, थांबायचा. परत हलायचा. वारा असेल, असं वाटलं त्याला. मग त्याचं लक्ष छतातल्या पंख्याकडे गेलं. बाहेर वारा असला की ती पाती आपोआप फिरतात.

पाती थांबलेली होती.

हलला... थांबला. हलला... थांबला. बाहेरून, अगदी खालून, कुणीतरी पत्र्यावर तळव्याने थापा मारतंय, अशा बेताने.

आणि तेव्हा त्याला आठवलं. तळ्याकाठच्या रात्री, डोळा लागायच्या आधी, बुडबुडा असाच हलत होता. त्याने पाहिला होता. वारा आहे, असं म्हणून तो कुशीवर वळला होता.

वर्षभर हे त्याने स्वतःपासूनही लपवलं होतं.

उठायला हवं होतं. दार पाच पावलांवर. पाय हलेनात. "कोण?" म्हणाला. आपलाच आवाज त्याला ओळखू येईना.

बुडबुडा थांबला.

मग गाडी दबली. दाराच्या बाजूला. पायरीवर पाय पडावा तशी. बुडबुडा सरकत याच्याकडे आला. दोन श्वास तिथेच राहिला... आणि परत गेला.

चढता आलं नाही.

पुन्हा दबली. पुन्हा सुटली.

पुन्हा.

हा मोजत होता, पोरी. जन्मभर मोजण्याचंच काम केलेलं. सात वेळा दबली. दर वेळी आधीपेक्षा कमी. बाहेरच्याचा जोर संपत आल्यासारखी. आठव्यांदा बुडबुडा नुसता थरथरला...

मग काही नाही.

तेवढ्याने तो उठला. भीती गेली म्हणून नव्हे. म्हणाला, "आज पण झोपून राहिलो असतो ना, तर मग मी माणूस नव्हतो." कडी काढली. दार ढकललं. बाहेर कुणी नाही. सिमेंट, अंधार, पायरी. तो उंबऱ्यावर बसला. वाकला. हात खाली अंधारात सोडला.

"घे," म्हणाला. "हात घे. उशीर झाला... घे."

इथे माझ्यासमोर त्याने स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला. मग खाली बघत म्हणाला, "लोक म्हणतात थंड असतो. थंड नव्हता रे."

एवढंच. पुढे नाही, मागे नाही.

सकाळी नऊला गाडी माझ्या दारात आली. तो उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही, इतका उतरला होता. हे सगळं त्याने मला वर्कशॉपच्या स्टुलावर बसून सांगितलं. चहा तसाच थंड झाला. मी खण उघडला, दांडी काढली, स्क्रू घेतले. कामाला लागलो. दुसरं काय करणार होतो? मनात आलं, उंची कुठून काढायची? त्या फुल्या तर केव्हाच धुतल्या गेल्या. आता इथे तळवा टेकवायला कोण आहे?

फडक्याने पत्रा पुसायला घेतला. वर काही नव्हतं, स्वच्छ होता. पुसत पुसत खाली आलो. पायरीच्या बाजूला आलो आणि माझा हात थांबला.

दोन फुल्या. पेन्सिलीच्या, ताज्या. एकीखाली एक, दांडीच्या मापाने. प्रत्येकीच्या मधोमध टिंब.

जमिनीपासून हातभर उंचीवर.

मी त्याला हाक मारली. "या तू केल्यास?" तो म्हणाला, "मला कुठे माहीत तुझी टिंबाची खोड?" खरंच होतं. मी ते कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं पहिले.

"पण इतक्या खाली?" मी म्हणालो. "इतक्या खाली कोण धरणार?"

तो फुल्यांकडे बघत राहिला. मग हळूहळू गुडघे टेकले, आणि त्या तेलकट फरशीवर, पायरीच्या कडेला, उताणा झोपला. वहिनी त्याला सापडल्या होत्या ना, तसा. मान अशी, पाय असे. आणि पडल्या पडल्या त्याने एक हात वर केला, जेवढा पोचेल तेवढा, आणि पत्र्याला टेकवला.

तळवा बरोबर दोन फुल्यांच्या मध्ये बसला.