तीन नंबरचा चॅनेल

मालेगावात वाशिम रोडला, कापडाच्या दुकानावर माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाची गाणी, भजनं, दुकानांच्या जाहिराती, असलं रेकॉर्ड करतो. त्या मंगळवारी दुपारी इंझोरीच्या रुखमाबाई जात्यावरच्या ओव्या गायला आल्या. सोबत त्यांची सून निता. आठ दिवसांनी बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढं आवाज राहील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. उद्यापासून दवाखान्याच्या तपासण्या, म्हणून काम आजच व्हायला हवं होतं. आणि नेमका आजच मिक्सर डोकं खाऊ लागला.

बाई काचेपलीकडच्या खोलीत, माइकसमोर स्टुलावर बसून गात होत्या. माझ्या हेडफोनमध्ये मात्र दोन आवाज. दोन्ही त्यांचेच, एक जरासा पुढं.

"पुन्हा घ्या, मावशी."

चार वेळा घेतलं. बाई दमल्या, मी चिडलो. आवाजाचा रस्ता सरळ असतो हो. माइकमधून केबलीत, केबलीतून मिक्सरच्या चॅनेलमध्ये, तिथून मास्टरला आणि मग आपल्या कानात. रस्त्यात गफलत झाली तर आवाज मागं पडेल, घुमेल, खरखरेल. पुढं कसा जाईल? माइक बदलला. केबल बदलली. शेवटी वैतागून तीन नंबरमधली केबल उपटली आणि चार नंबरला खोचली.

आता बाई चारमधून गात होत्या. आणि तीनमधून, जिथं काहीच जोडलेलं नव्हतं, त्याच बाई अर्धी ओवी पुढं.

मी स्पीकर चालू केला. निता माझ्या शेजारीच बसली होती.

"आत्याबाईच हायेत..." ती हळूच म्हणाली. "पन भाऊ, हे तं त्यायनं अजून म्हटलंच नाही..."

"लेक निघाली वाटंनं, उंबऱ्या..."

तीन नंबर शब्दाच्या मधोमध तुटला. मग स्टूल आपटल्याचा आवाज. मग किंकाळी, "आत्याबाई!"

किंकाळी निताची होती. निता माझ्या बाजूला तोंड मिटून बसली होती.

काचेपलीकडं रुखमाबाई डोळे मिटून गातच होत्या. चार नंबरमधून आलं, "लेक निघाली..."

मी धावलो. दार ढकललं आणि ओरडलो, "थांबा!"

त्या दचकून थांबल्या. "काहून, बापा? काय झालं?"

मशीन बिघडली म्हणालो. अकोल्याच्या कारागिरानं मिक्सर उघडून पाहिला, त्याला काही सापडलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाजही वाचला. दीड महिन्यानं रुखमाबाई एकट्याच जिना चढून आल्या.

"ते ओवी अर्धी राह्यली, अन्सारभाऊ."

"मशीन अजून बंद आहे, मावशी."

"घरी म्हनून पाह्यते ना मी. रोज तिथंच अडते. गळ्यानं नाही... 'उंबऱ्या' म्हनायले गेली का कानात कोनी वरडते, थांबा म्हनून." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचाच आवाज हाये तो."

मी नजर मिक्सरकडं वळवली.

"पन कालपासून तो बी आइकू येऊन नाही राह्यला," त्या स्टूल ओढत म्हणाल्या. "म्हनून म्हटलं, आज पुरी करून टाकू."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला.