श्वासाच्या खुणा

कार्यक्रमाला अकरा दिवस उरले होते, आणि सिल्व्हानो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून उजव्या हाताची नखं घासत होता. गिटार वाजवणाऱ्याचं सगळं भांडवल त्या नखांत असतं. बाहेर धुकं होतं. उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्लीत नोव्हेंबरात धुकं नसेल तरच लोक त्याबद्दल बोलतात. भात कापून झालेल्या खाचरांवरून ते सकाळी शहरात शिरतं आणि दुपारच्या जेवणापर्यंत मुक्काम ठोकतं. गॅसवर ओर्नेला राजमा घातलेला पनिस्साचा भात ढवळत होती आणि मधेमधे खोकत होती. त्या खोकल्याचं घरातल्या घड्याळासारखं झालं होतं. त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष जात नसे.

मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ओर्नेलाला सहा आठवडे झोपवलं होतं. ती उठली, पण उजवं फुप्फुस काही पूर्वीसारखं उघडलं नाही. आणि ती फ्लूट वाजवणारी. तीस वर्षं दोघं एकत्र वाजवत होते, त्यातली सत्तावीस नवरा-बायको म्हणून.

"या वेळी तो संथ भाग तुटक वाजला, तर मी फ्लूट पेटीत ठेवणार," ती भाताकडे बघत म्हणाली. "कायमची."

"आणि मी काय करू?"

"शिकव. पोरांवर ओरड."

"ते तर आताही करतो."

ती हसली आणि हसता हसता खोकली. सिल्व्हानो नखं घासत राहिला. एकट्याने गिटार वाजवण्यात त्याला कधीच रस नव्हता. ती नसेल तर त्याला वाजवायचंच नव्हतं, इतकं साधं होतं ते.

त्या वर्षी वाजवायची रचना त्यांना हॉलच्याच कपाटात सापडली होती. दर नोव्हेंबरात एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपली की अकरा वाजता, एका जुन्या धर्ममंडळाच्या हॉलमध्ये ते वाजवायचे. किल्ल्या तिल्देबाईंकडे असत. पंचाहत्तरीच्या, काटक, आणि कुणाला न भिणाऱ्या. फ्लूट आणि गिटारसाठी हाताने उतरवलेली ती रचना होती, रचनाकाराचं नाव कुठेच नव्हतं. कागद हातात देताना तिल्देबाई म्हणाल्या, "पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या खोडू नका."

सिल्व्हानोला हसू आलं. जगात सगळीकडे नेमकं उलट सांगतात, परत करताना खोडून द्या म्हणून. "का बरं, सिन्योरा?"

"मला माझ्या आधीच्या बाईने सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. संपलं."

फ्लूटच्या कागदावर स्वरांच्या डोक्यावर बारीक स्वल्पविराम काढलेले होते. इथे श्वास घ्या, अशी ती खूण. धडधाकट वादकाला लागतील त्याच्या दुप्पट होत्या. एकट्या संथ भागात चौदा.

"जिने कुणी काढल्या, तिचं फुप्फुस माझ्यासारखं होतं," ओर्नेला म्हणाली. तिच्या आवाजात माया होती.

त्यातली एक खूण मात्र नको तिथे होती. सुरांची ओळ चढत चढत जाते, आणि सगळ्यात वरच्या सुराच्या अगदी आधी. ओर्नेला तिथे श्वास घ्यायची आणि ओळ मोडायची. दर वेळी तिचा चेहरा पडायचा, आणि ते सिल्व्हानोला बघवायचं नाही. गुरुवारी ती औषधाच्या दुकानात गेली असताना त्याने खोडरबर घेतलं आणि ती एक खूण पुसली. दिसलीच नाही तर कदाचित ती थांबणार नाही, एवढाच त्याचा विचार होता.

ती थांबली नाही. वरचा सूर गाठून ओळ पलीकडे उतरली. ओर्नेलाने फ्लूट खाली घेतली.

"न थांबता गेले रे मी."

"ऐकलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सिल्व्हानोचा जीव भांड्यात पडला. शुक्रवारी त्याने आणखी दोन खुणा खोडल्या. शनिवारी जेवताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. घासाघासाला थांबून तो कानोसा घेऊ लागला. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, खोकला थांबला होता.

सोमवारी त्याने सहज खुणा मोजल्या. चौदातल्या तीन गेल्या तर अकरा हव्या होत्या. आठ भरल्या.

"तू काही खोडलंस का?"

"मी? तिल्देबाई फाडून खातील."

बुधवारी पाच राहिल्या. त्याने कागद खिडकीशी उजेडात धरला. त्याचं रबर फिरलं होतं तिथे कागद खरबरीत झाला होता. बाकीच्या जागा गुळगुळीत होत्या, पेन्सिल कधी टेकलीच नव्हती अशा.

आणि वाजवायला सुरुवात करताना त्याला उशीर होऊ लागला होता. तीस वर्षं तो तिच्या श्वासावर सुरुवात करायचा. वाजवण्याआधी ती नाकाने एक छोटा श्वास घ्यायची आणि गळ्याजवळची चांदीची पिन जरा वर उचलली जायची, की याचं बोट तारेवर पडायचं. लोकांना वाटायचं, दोघांची मनं जुळलीत. जुळलेला होता तो श्वास. आता तो ऐकूच येत नव्हता.

"झोपलास का?" ओर्नेलाने विचारलं.

"तू इशारा देत नाहीस."

"मी वाजवते की. तोच इशारा."

शुक्रवारी बाजार करून दोघं तीन मजले चढले. मासेवाल्याच्या मुलीचं लग्न कसं मोडलं, ते ओर्नेला सांगत होती. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सांगत राहिली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कुठेही न थांबता. सिल्व्हानो दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. वरून तिचं बोलणं एका पट्टीत ऐकू येत होतं, आणि त्याला आपल्या बायकोची भीती वाटली.

सगळं सांगून टाकावं असं त्याच्या मनात दहादा आलं. पण ती आनंदात होती. आणि खरं सांगायचं तर, खुणा परत आल्या की खोकलाही परत येईल, ही भीती त्याला जास्त होती.

रविवारी सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत त्याने कागद उघडला. संथ भागात एकही खूण नव्हती. ओर्नेला बाहेर तिल्देबाईंशी बोलत होती. त्याने पेन्सिल काढली आणि आठवून आठवून चौदाही खुणा परत काढल्या. पेन्सिल इतकी दाबली, की दोन ठिकाणी कागदाला भोक पडलं.

ती आत आली. "हे काय?"

"मी खोडल्या होत्या. पहिल्या तीन. चुकलं माझं."

तिने कागद हातात घेतला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि अंगठ्याने एकेक खूण पुसू लागली.

"ओर्नेला, ऐक माझं."

"तीस वर्षं मी मोजून श्वास घेतला, सिल्व्हानो. आज नाही."

अंगठा फिरेल तिथे कागद कोरा होत गेला. शिशाचा डागसुद्धा उरला नाही.

हॉलमध्ये साठेक माणसं कोट घालूनच बसली होती. गारठा इतका होता, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. सिल्व्हानोच्याही.

संथ भाग आला.

त्याने पिनेवर नजर लावली. पिन हलली नाही. सूर सुरू झाला आणि तो मागून धावला.

ओळ चढली, वरच्या सुरावर गेली, उतरली, पुढच्या ओळीला मिळाली. कुठेही सांधा नव्हता. इतकं सुंदर ती उमेदीच्या वर्षांतही वाजवत नव्हती. त्याला रडू येत होतं आणि तिथून पळून जावंसंही वाटत होतं.

श्वास घे, तो मनात म्हणाला.

शेवटचा सूर लांब होता. सिल्व्हानोने आपली शेवटची तार छेडली. ती विरत गेली आणि संपली.

फ्लूटचा सूर तसाच होता. ना बारीक झाला, ना थरथरला.

पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. आणि टाळ्या सुरू झाल्या, सूर चालू असतानाच.

मग तिने फ्लूट ओठांपासून काढली, आणि सूर थांबला.

मागच्या खोलीत तिल्देबाई कागद न्यायला आल्या. त्यांनी फ्लूटचा कागद उघडला, मिटला, आणि ओर्नेलाकडे बघणं टाळून विचारलं, "दमलात का, सिन्योरा?"

"अजिबात नाही. पुन्हा पहिल्यापासून वाजवीन."

तिल्देबाई निघून गेल्या. ओर्नेला फ्लूटचे तुकडे सुटे करून पुसू लागली. वाजवून झालं की आत श्वासाचं पाणी साचतं. सळईला कापड गुंडाळून ते पुसायचं काम तिचं, आणि ओलं कापड पिळून वाळत घालायचं काम सिल्व्हानोचं. तीस वर्षं ती वाटणी बदलली नव्हती.

"किती छान झालं, नाही?" म्हणत तिने कापड त्याच्या हातात दिलं.

ते कोरडं होतं. इस्त्री करून आणल्यासारखं कोरडं.

ओर्नेला त्याच्याकडे बघून हसत होती. नेहमीसारखं त्याने कापड पिळलं, झटकलं, आणि रेडिएटरवर वाळत घातलं.