बारावं झेंडूचं फूल

बसा, दिवा जरा इकडं सरकवा. भुतंखेतं मी मानत नाही. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय. पण ही गोष्ट घडली तशी सांगतो, मधे बोलू नका.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची. अमरावतीत आमचं एक धावणी मंडळ होतं. वकील, मास्तर, माळी, सगळे हौशी. पोट सुटलेलेही दोघं-तिघं. दर पौषात भल्या सकाळी शर्यत. गावाबाहेरच्या धर्मशाळेपासून चांदूर बाजारच्या वाटेनं पंजाबरावांच्या मळ्यापर्यंत तीन मैल, आणि परत. मळ्यावर त्यांची बायको पार्बताबाई प्रत्येकाच्या हातात झेंडूचं एक फूल देई. ते आणून टोपलीत टाकायचं. आमचे सेक्रेटरी केशवराव वकील माणसं मोजत नसत, फुलं मोजत. मग विचारत, "शेपूट, सगळे आले?" शेवटचा आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, हा कायदा.

शेपूट म्हणजे सर्वांच्या मागं धावणारा. कोणाला मागं टाकायचं नाही, एवढंच त्याचं काम. शेपूट मी होतो.

त्या वर्षी आम्ही बारा जण. परतताना वसंताच्या पोटात कळ आली. वसंत पोस्टात कारकून, विधवा आईचा एकुलता एक. वाटेवरच्या विहिरीजवळ तो बसला.

"मोरोपंत, माहं फूल टाका टोपलीत. मी येतोच."

धुकं दाट, थंडीनं माझी बोटं बधिर. डोळ्यांपुढं नुसती धर्मशाळेपाशी पेटवलेली शेकोटी. मी फूल घेतलं आणि निघालो. टोपलीत दोन टाकली, बारा भरली. "सगळे आले?" "आले." धुक्यात कोण आहे, कोण नाही, कोणी पाहिलंच नाही. जो तो घरी पळाला.

दोन दिवसांनी वसंत त्या विहिरीत सापडला. शर्यत संपवून हुरडा खायला परत गेला असेल, पाय घसरला असेल, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्याची आई सत्यभामाबाई ज्याला त्याला सांगे, "माहा वसंत पुरा धावला." मी ऐकून घेई. खरं सांगतो, तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालं. रडू नाही, भूक नाही, भीतीही नाही.

पुढच्या पौषात अकरा जण. पुन्हा धुकं, शेपूट पुन्हा मीच. पार्बताबाईंनी फूल दिलं आणि माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"तुमी शेपूट ना, मास्तर?"

"हो."

"मंग तुमच्या मांगं कोन येऊन राहिलं?..."

मागं धुक्याशिवाय काही नव्हतं. मी निघालो. विहिरीपाशी पावलं ऐकू आली. थप... थप... अनवाणी. शेवाळाचा, साचल्या पाण्याचा वास. मी थांबलो, पावलं थांबली.

"पुढं हो, बाबा..." मी म्हणालो.

ती पुढं झाली नाहीत.

धर्मशाळेपाशी सगळे शेकत होते. सत्यभामाबाई लेकाच्या नावानं गूळ-दाणे वाटत होत्या. केशवरावांनी टोपली पुढं केली. "दहा झाली. टाका तुमचं."

मी मूठ उघडली. मुठीत दोन फुलं होती.

एक माझ्या बोटांसारखंच गार. दुसरं गरम, कोणीतरी घट्ट धरून आणल्यासारखं.

"बारा कशी, मोरोपंत? आपण तर अकराच. सगळे आले ना?"

'आले' म्हटलं की मी सुटत होतो. सत्यभामाबाई माझ्याकडं पाहत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "एक राहिला. मागच्या वर्षी. त्याचं फूल मीच टाकलं होतं." मग सगळं सांगितलं. सांगतानाही आवाज सपाटच.

वाटलं, बाई तोंडात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते गरम फूल माझ्या मुठीतून उचललं, पदरात धरलं, आणि वाटेकडं तोंड करून मातीत बसल्या.

"कावून उभे राहिले? बसा," त्या म्हणाल्या. "तुमचाच कायदा हाये ना? माहा वसंत यायचा हाये."

आम्ही अकराही जण बसलो. शेकोटी विझली, कोणी लाकूड टाकलं नाही. ऊन वर आलं, धुकं गेलं, वाट दूरवर रिकामी दिसू लागली. पावलं मात्र वाजतच होती. थप... थप... जवळ येत नव्हती, आणि थांबतही नव्हती.