अपघात नावाचं फोल्डर

गेवराईच्या पुढं, हायवेला लागून एक जिनिंग आहे. दिवाळी सरली की तिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि रुईची बारीक कुसं हवेत तरंगत राहतात. भुवयांवर, कॉम्प्युटरवर, चहाच्या सायीवरसुद्धा. तिथल्या हापिसात मनिषा कामाला होती. बीडला कॉम्प्युटर शिकलेली, हिशेबी डोक्याची पोरगी. भुताखेताचं कुणी काढलं की ती सरळ तोंडावर हसायची.

यंदा मालकांनी, म्हणजे विजयसिंहांनी, पुण्याहून कॉम्प्युटरातला एक बोलता मदतनीस मागवला. जिनिंगचे सगळे कागद एका जागी कॉम्प्युटरात टाकायचे आणि त्याला काहीही विचारायचं. तो शोधून सांगणार. हापिसात त्याचं नाव पडलं ‘मास्तर’. मोठं कौतुक झालं हो त्याचं! आठवडाभर.

मग एका सोमवारी गुजरातचा व्यापारी आला. त्यानं गंमत म्हणून मास्तरला विचारलं, मशीन कसं चाललंय? मास्तर गोड आवाजात म्हणाला, मशीन उत्तम चालतं, मागच्या महिन्यात मात्र त्यात बायनाबाई नावाच्या कामगार बाईंचा उजवा हात गेला.

व्यापारी गेल्यावर विजयसिंहांनी मनिषाला बोलावलं.

“ह्याच्या तोंडाला काही कुलूप हाय का न्हाई?”

“आहे ना दादा. जे फोल्डर बंद करू, ते मास्तरला दिसणार नाही. मग कुणी विचारलं तरी तो सांगणार नाही.”

“मग कर की बंद! घरातल्या भानगडी गावाला कावून सांगायच्या?”

मनिषाला ते पटलं. खोटं कशाला बोला, तिलाही लोकांच्या दुखण्याखुपण्याचे कागद उघडे पडलेले आवडत नव्हतेच. तिनं सुरुवात तब्येतीच्या फोल्डरपासून केली. त्यात सगळ्यांचे रक्त-लघवीचे रिपोर्ट होते. एक टिचकी मारली, झालं बंद. बंद केलेलं फोल्डरही बघता येईल, अशी किल्ली आता तिच्या एकटीकडंच होती.

मंगळवारी सकाळी चहा करणारा रामप्रसाद स्वतःच्या कपात तीन चमचे साखर ढवळत होता. ह्या माणसाला दहा वर्षांची शुगर. एकदा चक्कर येऊन पडला तेव्हा मनिषानंच त्याला दवाखान्यात नेलेलं.

“काका! तुम्हाला साखर चालते का?”

“मला काय धाड भरलीय?” रामप्रसाद हसला. “कवाबी तपासा, ठणठणीत हाय मी.”

मनिषा चिडली. त्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी डोकावत होती, ती तिनं काढून दाखवली. रामप्रसादनं ती उलटसुलट केली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, “कुनाची पडली का काय.” पट्टीतल्या चार गोळ्या संपलेल्या होत्या.

तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

दुपारी तिनं अपघाताचं फोल्डर बंद केलं. त्यात बायनाबाईचा जबाब होता आणि चंद्रभागाबाईचा. बंद मशीनमध्ये अडकलेला कापूस बायनाबाई हातानं काढत होती. मालकांचा चुलतभाऊ सुंदरराव तिथला सुपरवायझर. त्यानं न बघता, न विचारता स्विच टाकला. चंद्रभागाबाई समोर उभी होती. “मी पाह्यलं, मी सांगन,” असं म्हणून तिनं अंगठा उठवला होता, तो मनिषाच्या समोर. गुरुवारी कामगार खात्याचे साहेब चौकशीला यायचे होते. तोवर चंद्रभागाबाईचं नाव सुंदररावच्या कानावर जाऊ नये, एवढाच मनिषाचा हेतू. एक टिचकी.

बुधवारी सकाळी ती चंद्रभागाबाईला गाठायला शेडमध्ये गेली.

“उद्या साहेब येणार आहेत. घाबरू नका, मी शेजारी बसते.”

“कसले साहेब, ताई?”

“अहो, बायनाबाईच्या हाताच्या चौकशीला.”

“काय झालं बायनाच्या हाताला?” चंद्रभागाबाईनं खरोखरच्या काळजीनं विचारलं.

कुणी दम भरला असेल, असं आधी मनिषाच्या मनात आलं. पण दम भरलेल्या माणसाचे डोळे तिनं पाहिले होते. ते असे नसतात. तिनं हापिसात येऊन जबाबाचा कागद छापून काढला आणि परत नेला. चंद्रभागाबाईनं अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

“माझ्यावानीच हाय की,” ती म्हणाली. “पर मी न्हाई दिला, ताई. देवाशपथ.”

मनिषा नळाकडं जवळजवळ पळतच गेली. हात गेल्यापासून बायनाबाईला पाणी भरायचं काम दिलं होतं. ती डाव्या हातानं कळशी विसळत होती. उजवा हात मनगटापाशीच संपलेला, थोटकावर पट्टी गुंडाळलेली, पट्टीवर पिवळट डाग.

“बायनाबाई, हात कसा आहे?”

“हाय की बरा.”

“उजवा विचारते मी.”

“उजवा मला न्हाईच, ताई. जन्मल्यापासून.” ती लाजल्यासारखी हसली. “तुमी आजच पाह्यला व्हय?”

“मग ही पट्टी?”

बायनाबाईनं मान खाली घालून पट्टीकडं पाहिलं. कळशी भरून वाहू लागली तरी ती पाहतच होती.

“कुनी बांधली काय म्हाईत,” ती म्हणाली. “ठणकतंय मातर लई.”

मनिषा परत आली आणि खुर्चीत बसून राहिली. वेड मला लागलंय का ह्यांना? तिनं बोटांवर मोजलं. तब्येतीचं बंद केलं, रामप्रसाद विसरला. अपघाताचं बंद केलं, सगळे विसरले. तिची किल्ली शाबूत, म्हणून तिला आठवतंय. असं कुठं असतं का! तिचं तिलाच हसू येईना.

ठीक आहे, पुन्हा उघडू. पण बंद करायला एक टिचकी पुरायची, उघडायला मालकांची मंजुरी लागायची. ती कागद घेऊन विजयसिंहांच्या समोर उभी राहिली.

“दादा, अपघाताचं फोल्डर उघडायचंय.”

“कसला अपघात?”

“बायनाबाईचा. तुम्हीच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. सीटवर रक्त सांडलं म्हणून कव्हर बदललंत.”

विजयसिंहांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खोटं बोलत असते तर मनिषाला बरं वाटलं असतं.

“कव्हर बदललं खरं,” ते हळू म्हणाले. “कावून बदललं ते ध्यानात येईना.” मग त्यांनी मान झटकली. “हे बघ मनिषा, तुला झोप न्हाई नीट. एकट्या पोरीच्या डोक्यावर एवढं सगळं उघडं कशाला? पुण्याला सांगतो, तुझीबी किल्ली काढा म्हणून, कामगारांच्या यादीसकट. बाराला काढत्याल.”

“नको दादा! उद्यापर्यंत तरी राहू द्या. हात जोडते.”

“तुझ्याच भल्यासाठी.” त्यांनी जबाबाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गाड्यांचे नंबर लिहायला घेतले.

घड्याळात पावणेबारा.

बायनाबाईच्या हाताचं जगात आता एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि शेडमध्ये सुंदरराव अजून त्याच स्विचपाशी उभा होता.

तिनं मास्तरला विचारून पाहिलं. “बायनाबाईंचा हात कसा गेला?”

“अशी कोणतीही नोंद मला दिसत नाही,” मास्तर म्हणाला. “तुम्हाला दिसते का?”

तिनं आवाज बंद केला.

कागदाचा भरवसा नव्हता. तिनं कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचं पेन उचललं आणि डाव्या तळहातावर ठळक लिहिलं: बायनाबाई. स्विच सुंदररावनं टाकला. उद्या साहेबांना सांग.

मूठ घट्ट मिटली. विसरायचं नाही. विसरायचं नाही. विसरायचं नाही.

बाराचा भोंगा झाला.

मनिषानं डबा काढला. आज आईनं शेंगदाण्याची चटणी दिली होती. भाकरी मोडायला हात उघडला, तर तळहातभर शाई. शी! कुठं लागली एवढी? ती नळावर गेली.

तिथं एक बाई होती. तिनं डाव्या हातानं तांब्या धरला आणि मनिषाच्या हातावर धार सोडली. मनिषानं साबण लावला, दगडावर तळहात घासला. काळं पाणी नालीला लागलं.

“लई पक्की शाई हाय, ताई. काय लिव्हलं व्हतं?”

“कुणास ठाऊक. कुठल्या बाईचं नाव दिसतंय.”

शेडमध्ये कुणीतरी मशीनचा स्विच टाकला. बाईच्या हातातला तांब्या एकदम हिंदकळला. का, ते तिलाही समजलं नाही.

“अजून थोडं घाला, मावशी,” मनिषा म्हणाली. “एक अक्षर राहिलंय.”